मरळ, नकली बेडूक आणि एक हदीस

गेल्या पावसाळ्यात भाचा कुवेतहून सुट्टीवर आला. बॅगेत खजूर, अत्तर, चॉकलेट, आणि तळाला एक प्लास्टिकचा डबा. उघडला तर कप्प्याकप्प्यांत नकली मासे, चकाकणारे चमचे, रबरी किडे आणि तीन बेडूक. हिरवा, काळा, पिवळा. मागे पायांच्या जागी झिरमिळ्या. माझी बायको म्हणाली, "हे खेळणं कोणासाठी आणलंस?" तो म्हणाला, "मामूसाठी."

भाचा मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाची शिकार बघतो. मोठ्या जबड्याचा, हिरवट, गवतात दबा धरून बसणारा मासा. त्याच्या मागे तिथले लोक वेडे आहेत. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने धरलेल्या बासचं वजन २२ पौंड ४ औंस भरलं, म्हणजे साधारण १० किलो. त्या वजनाला गाठायला २००९ साल उजाडावं लागलं, आणि तेही जपानच्या बिवा तलावात. मला या गोष्टीतला आवडलेला भाग वेगळाच आहे. मंदीचे दिवस होते, पेरीने तो विक्रमी मासा घरी नेला आणि घरच्यांनी शिजवून खाल्ला. आमच्या नात्यातही कोणी वेगळं काही केलं नसतं.

बास आपल्याकडे नाही. पण त्याचा स्वभाव जसाच्या तसा घेतलेला मासा आहे, मरळ. तोही शेवाळात, वेलीखाली निश्चल पडून राहतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. फरक एवढाच की मरळ वरची हवा घेते. दर थोड्या वेळाने ती पृष्ठभागावर येऊन घोट घेते, आणि पाण्यावर एक गोल उठतो. जाणता माणूस त्या गोलावरून ती कुठे बसली आहे ते ओळखतो.

मला हे वालिदांनी शिकवलं. बांबूची काठी, दोरा, गरी. बाकी लोक मरळीसाठी जिवंत बेडकी मांडीतून गरीला लावायचे, आणि मासा हमखास लागायचा. वालिद कधी बेडकी लावत नसत. एका वैद्याने औषधात बेडूक घालण्याबद्दल विचारलं तेव्हा पैगंबरांनी (स.) बेडूक मारायला मनाई केली, अशी हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आपण कोकणी लोक शाफई, आणि आपल्या फिकहमध्ये ही मनाई पक्की धरलेली आहे. म्हणून वालिद नाकतोडे, गांडुळं किंवा छोटे मासे लावायचे आणि बेडकीवाल्यांपेक्षा कमी मासे घेऊन घरी यायचे. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

म्हणून भाच्याचा रबरी बेडूक हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा वालिद आठवले. हा बेडूक त्यांनाही चालला असता. आतून पोकळ, पोटाखालून निघालेले दोन आकडे वर वळून पाठीला चिकटलेले. त्यामुळे शेवाळावरून ओढला तरी अडकत नाही. माशाने तोंडात धरला की रबर दबतं आणि आकडे उघडे पडतात. भाच्याने चालवायची रीत दाखवली. गोल उठला त्याच्या पलीकडे फेकायचा, दोन झटके, मग थांबायचं. पुन्हा दोन झटके, पुन्हा थांबायचं. मासा बहुतेक थांबलेल्या बेडकावरच येतो. आणि पाणी फुटलं की लगेच ओढायचं नाही. दोरी ताणली गेलेली हाताला कळली, की मगच. घाई केली तर बेडूक तोंडातून सुटून परत आपल्याकडे येतो.

ऑगस्टच्या अखेरीस दोन दिवस पाऊस उघडला. असरची नमाज पढून आम्ही गांधारीकडे निघालो. नदीला पूर नव्हता, पण भातखाचरांच्या कडेला पाणी शिरून एक उथळ डबकं झालं होतं, काठाला शेवाळ. खाली महाडला सावित्रीत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरायची सवय आम्ही केव्हाच सोडली आहे. बांधावर उभे राहिलो.

भाच्यानेच दाखवलं. "मामू, ते लाल काय आहे?"

शेवाळाच्या मोकळ्या जागेत, पृष्ठभागाखाली, तांबूस ठिपक्यांचा एक घोळका हलत होता. परातीएवढा. क्षणात वर यायचा, क्षणात खाली. मी ओळखलं. मरळीची पिल्लं. लहानपणी ती अशी लाल-नारिंगी असतात आणि एकत्र फिरतात. आईबाप खाली राखणीला असतात.

आणि मला हेही माहीत होतं की मरळ धरायची याहून सोपी वेळ नाही. पिल्लांवरून काहीही गेलं, तरी ती झडप घालते. भूक असो वा नसो. मोबाईलवर असे कितीतरी व्हिडिओ आहेत. लाल घोळका शोधायचा, त्याच्या मधोमध बेडूक टाकायचा, पुन्हा टाकायचा, तिला चिडवायचं. भाच्याने रॉड माझ्या हातात दिला आणि मी टाकला.

पहिल्यांदा तिने नुसता धक्का मारला. दुसऱ्यांदा पाणी फुटलं. मी थांबलो, दोरी ताणली, ओढलं. दीड किलोची असेल. काठावर आणली, भाच्याने फोटो काढला, मी हसतोय त्या फोटोत. मग तो पाण्याकडे बघत गप्प झाला. मी वळून पाहिलं. घोळक्याच्या कडेला बारीक मासे जमले होते आणि पाण्यात टपटप आवाज होत होता, जसा पहिल्या थेंबांचा होतो. लाल परात फाटत चालली होती.

मी आकडा काढला आणि तिला सोडलं. मरळ चिवट असते, हवेवर बराच वेळ जगते. ती सरळ त्या जागी गेली. तोवर घोळका निम्मा राहिला होता.

परत येताना भाचा म्हणाला, "सोडली ना मामू, मग झालं." अमेरिकेत तसंच करतात, धरतात आणि सोडतात. पण तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही. बासचा नर घरट्याची राखण करतो. त्याला उचललं की काही मिनिटांत दुसरे मासे अंडी खायला येतात, हे तिथल्या अभ्यासकांनी पाहिलेलं आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात बऱ्याच भागांत जून सरत येईपर्यंत बास धरायलाच बंदी असते, ती यासाठीच. सोडून दिल्याने मासा वाचतो. त्याच्या गैरहजेरीत जे झालं ते परत येत नाही.

त्या रात्री मला अबू दाऊदमधलीच दुसरी हदीस आठवली. प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती येऊन पंख फडफडवू लागली. पैगंबरांनी (स.) विचारलं की हिला पिल्लांपायी कोणी दुखावलं, आणि पिल्लं परत करायला सांगितली. ही गोष्ट मी मदरशात ऐकली, मुलांना सांगितली. पण मी तर पिल्लांना हातही लावला नव्हता. मी आईचं राखणं हाच गळ केला होता.

मासा हलाल आहे, यात शंका नाही. प्रश्न हलालचा नाही, वेळेचा आहे. कुरआनात शब्बाथवाल्यांची गोष्ट आहे. ज्या दिवशी मासे धरायला मनाई, त्याच दिवशी मासे झुंडीने वर यायचे. ती परीक्षा होती. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगण लागते तेव्हा अंड्यांनी भरलेले मासे ओहोळातून, खाचरांतून वर चढतात आणि आपण टोपल्या, जाळी घेऊन धावतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. वहाळाला मात्र कोणी राखणदार नाही.

राखणदार असला तर काय होतं, ते आपल्याच तालुक्यात दिसतं. काळ नदीवर वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे कोणी मारत नाही. मी तिथे उभा राहून ते मोठाले मासे निर्धास्त फिरताना पाहिले आहेत. श्रद्धा त्यांची, पण तो संयम पाहून मला माझ्या घरातली हदीस आठवायला हवी होती. आठवली उशिरा.

आता आम्ही दोघांनी एवढं ठरवलं आहे. वलगणीपासून भात कापणीला येईपर्यंत गळ टाकायचा नाही. नंतर कधीही लाल पाणी दिसलं, तर रॉड गुंडाळून घरी. दिवाळीनंतर पाणी निवळतं, डोह उरतात, मरळ भुकेने येते. तेव्हा धरली तर घरी आणायची, खायची, फोटोसाठी धरायची नाही.

तो फोटो भाच्याने मला पाठवला होता. मी पुसलेला नाही. डिसेंबरात पिवळ्या बेडकावर एक मरळ लागली. बायकोने नारळाच्या दुधात कालवण केलं. भाच्याला कुवेतला फोटो पाठवला तो ताटाचा.