शनिवारची चिठ्ठी

दर शनिवारी माझं एक काम ठरलेलं असतं. आठवडाभर वर्गात काय काय झालं ते पालकांना कळवायचं. कविता कुठली झाली, गणितात कुठवर आलो, पुढच्या आठवड्यात डब्याच्या पिशवीतून कुठलं सामान पाठवायचं (रिकाम्या काडेपेट्या, चिंचोके, जुनी कॅलेंडरं). आता हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत मी चिठ्ठ्या द्यायचे. अर्ध्या पानाची झेरॉक्स, सगळ्यांना एकच मजकूर, आणि खाली दोन ओळी मोकळ्या. त्या दोन ओळींत प्रत्येक मुलाबद्दल हाताने काहीतरी लिहायचं. या दोन ओळींचा मला फार अभिमान होता. आमच्या आत्याबाईंना तर मी दर सुट्टीत ऐकवायचे, "बेचाळीस मुलं आहेत माझी, पण एकाचीही ओळ चुकवत नाही हो."

तर ही गोष्ट त्या ओळींचीच.

२०१९ साल. दुसरीचा वर्ग. आमची शाळा दापोडीत रेल्वेच्या अगदी लगत, त्यामुळे लोकल आली की शिकवणं थांबवायचं आणि ती गेली की "कुठे होतो आपण?" असं विचारून पुढे जायचं. मुलं सगळीकडची. कुणाचे आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, कुणाचे वडील चाकणला कंपनीच्या बसने जाणारे, कुणी लातूरकडचे, कुणी बिहारचे. एक मुलगी गुलबर्ग्याकडची होती. घरात कन्नड, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी. चुणचुणीत पोर. पण 'सत्तावीस' म्हटलं की पाटीवर ७२. 'त्रेचाळीस' म्हटलं की ३४. एकदा नाही, दर वेळी.

मी चिठ्ठीत लिहिलं, "अंक उलटे लिहिते. घरी सराव घ्यावा."

एवढंच. माझ्या दृष्टीने साधी सूचना.

सोमवारी तिची आई शाळेच्या दारात उभी. पिंपळे गुरवला दोन-तीन घरची कामं करायची, त्यामुळे एरवी कधी दिसायची नाही. म्हणाली, "मॅडम, चिठ्ठीत काय लिहिलं होतं तुम्ही? मला वाचता येत नाही. हिच्या पप्पांनी वाचलं अन् हिला मारलं. उलटं लिहिते म्हणून."

मुलगी आईच्या मागे उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी काहीतरी बोलले. "मारायचं नाही हो, मी तसं नव्हतं लिहिलं," वगैरे. पण लिहिलं तर मीच होतं. मग मी तिला काड्या घेऊन दाखवायला लागले की मुलीचं नेमकं काय चुकतंय. दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या. विचारलं, "हे किती?" तर ती पटकन म्हणाली, "इप्पत्तेळु." आणि मग स्वतःच बोटाने दाखवत फोड करून सांगितली. इप्पत्तु म्हणजे हे गठ्ठे, वीस. एळु म्हणजे या सात.

आधी वीस, मग सात. लिहितो त्याच क्रमाने.

मराठीत आपण आधी सात म्हणतो आणि मग वीस, पण लिहिताना दोन आधी आणि सात नंतर. पोरगी जे ऐकत होती तेच इमाने इतबारे उतरवत होती. उलटं काही असेल तर ते आपल्या आकड्यांच्या नावात होतं. आणि त्यात आपल्या एकोणतीस, एकोणचाळीसची भर. त्यात तर नऊ कुठे ऐकूच येत नाही. बरं, नव्व्याण्णवला मात्र 'एकोणशंभर' नाही! मोठ्यांना हे पाठ असतं म्हणून दिसत नाही, इतकंच.

आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगते. त्याच जूनमध्ये बालभारतीचं दुसरीच्या गणिताचं नवं पुस्तक आलं होतं. त्यात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असंही वाचायला दिलं होतं. केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? मराठी बुडाली, संस्कृती बुडाली. फडणवीसांना आता काय म्हणायचं, इथपर्यंत विनोद गेले. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी रीत सोबत दिली आहे. आणि मी? मी ते विनोद आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पुढे ढकलले होते, आणि वर्गात ते पान "वाचून घ्या रे" म्हणून उडवलं होतं. त्या पानावर माझ्या या मुलीची अडचण जशीच्या तशी होती.

त्या आठवड्यात आम्ही ते पान पुन्हा काढलं. काड्यांचे गठ्ठे करून 'वीस सात' म्हणायचं, लिहायचं आणि मग 'सत्तावीस' म्हणायचं. दिवाळीपर्यंत तिचं बहुतेक सुधारलं. पन्नाशीच्या पुढे मधूनच घसरायची, पण तिथे तर माझी बीएड झालेली भाची पण घसरते. असो.

वडिलांना मी भेटायला बोलावलं. ते भोसरीला शिफ्टला, दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, जणू चूक त्यांच्या मुलीची आणि त्यांचीच. मला काय बोलावं कळेना. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, माझी ओळ चुकली." त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. पुढच्या वर्षी ते कुटुंब चाकणकडे राहायला गेलं.

तेव्हापासून त्या दोन ओळी लिहिणं मी बंद केलं. काही सांगायचं असेल तर समोर बसून सांगते, मूल शेजारी असताना. आता ग्रुपवर जो मजकूर जातो, तो आधी वर्गात मोठ्याने वाचते. पोरं खोड्या काढतात, "बाई, हे नका लिहू!" म्हणतात, आणि मी खरंच खोडते. शिवाय एक व्हॉइस मेसेजही टाकते, ज्या आयांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. अर्थात फोन बाबांबरोबर शिफ्टला गेला असेल तर तोही रात्रीच ऐकला जातो, त्याला इलाज नाही.

काल पाठवलेला मजकूर असा: "या आठवड्यात खिडकीतून मालगाडीचे डबे मोजले. दहा डबे झाले की पाटीवर एक रेघ. शेवटी चार वेगवेगळी उत्तरं आली आणि भांडण झालं. बाईंचंही उत्तर वेगळं होतं. सोमवारी गाडी आली तर पुन्हा मोजणार आहोत."