पुल कॉर्ड कुठाय?

डिचोली-साखळीकडच्या माणसाला २०१२ साल वेगळं सांगायला नको. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. महिन्याभरात रस्त्यावरची लाल धूळ खाली बसली. खोटं कशाला बोलू, आमच्या आईचा खोकला त्या वर्षी कमी झाला. पण टिपर दारात उभे राहिले आणि त्यांचे हप्ते काही उभे राहिले नाहीत. बार्जी मांडवीच्या काठाला बांधून पडल्या.

बाबा एका वॉशिंग प्लांटवर फिटर होते. लॉग वॉशर, स्क्रीन, कन्व्हेयर, सगळ्याचं बेअरिंग त्यांना आवाजावरून कळायचं. प्लांट थांबला आणि बाबा घरी बसले. दोन वर्षांनी बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. काही खाणी हळूहळू चालू झाल्या, पण त्यांच्या प्लांटवरून बोलावणं आलं नाही. बोलणारा माणूस, एकदम गप्प झाला. सकाळी सोप्यावर पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी देवळापर्यंत एक फेरी. संपला दिवस.

आता खेळण्याची गोष्ट. २०१६ च्या सुरुवातीला माझ्या मुलाने मोबाईलवर एक फोटो दाखवला. लेगो टेक्निकचं नवीन मॉडेल येणार होतं, बकेट व्हील एक्स्कॅव्हेटर, नंबर ४२०५५. ३९२९ तुकडे! तोवरच्या टेक्निकमधलं सगळ्यांत मोठं. पुढे बादल्यांचं गरगर फिरणारं चाक, मागे पट्टे, खाली रणगाड्यासारखी पावलं, आणि हे सगळं मोटरवर चालणारं. बाजारात यायचं होतं ऑगस्टात. अमेरिकेत किंमत २८० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने १८-१९ हजार रुपये. मी पोराला सांगितलं, फोटोच बघत बस.

पण त्याचा मामा मस्कतला. त्याने फोनवर कबूल केलं, चवथीला येताना आणतो. झालं! फेब्रुवारी ते सप्टेंबर आमच्या घरात दुसरा विषय नाही. मॉडेल हातात नाही आणि पोराने वहीत त्याच्या दुरुस्त्या काढायला घेतल्या. कंपनीने सगळी कामं एकाच मोटरवर टाकली होती. खटका बदलून ठरवायचं, गाडी चालवायची की वरचा भाग फिरवायचा. याला दोन मोटरी हव्या होत्या आणि रिमोट पाहिजे होता.

एके दिवशी वही सोप्यावर राहिली. बाबांनी चष्मा लावून ती उलटीपालटी केली आणि म्हणाले, "हे तर रिक्लेमर. मुरगावला बंदरात खनिजाचे ढीग असल्याच चाकाने उचलतात."

पोरगा म्हणाला, "नाही आजोबा, हे खाणीतलं मशीन आहे, जर्मनीतलं." आणि त्याने बॅगर २८८ चा व्हिडिओ लावला. क्रुप कंपनीने १९७८ मध्ये बांधलेलं धूड. वजन १३,५०० टन, चाकाला १८ बादल्या, चाकच एकवीस मीटरपेक्षा जास्त उंच. २००१ मध्ये ते एका खाणीतून दुसऱ्या खाणीत २२ किलोमीटर स्वतःच्या पायांनी चालत गेलं, रस्ते, रूळ आणि नदी ओलांडून. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग म्हणाले, "ते कोळशाचं. मऊ मातीतलं काम. आपल्या देशात नेव्हेलीला आहेत असली. आपल्याकडे वरती जांभा, तिथं हे चाक घातलं तर दात राहायचे नाहीत. आपल्याला रिपर आणि पोकलेनच पाहिजे."

इतकं सलग बोलणं घरात चार वर्षांत झालं नव्हतं. आईने आतून बाहेर येऊन बघितलं.

चवथ ५ सप्टेंबरला होती. मामा आदल्या रात्री पोचला, पण आईचा हुकूम की माटोळी खाली उतरेपर्यंत खोका उघडायचा नाही. आमचा गणपती पाच दिवसांचा. ते पाच दिवस पोराने कसे काढले ते त्यालाच माहीत. सहाव्या दिवशी जेवणाचं मेज गेलं ते तीन आठवडे परत मिळालं नाही. सगळे जमिनीवर बसून जेवलो.

बाबा पहिले दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुकडे निवडायला घेतले, चौथ्या दिवशी भांडायला. पोरगा प्रत्येक दांडा गच्च दाबून बसवायचा. बाबा म्हणायचे, "प्ले ठेव पुता, प्ले ठेव. केसभर जागा नाही ठेवलीस तर मोटर घर्षणातच मरेल." आणि खरंच, बुश जरा सैल केल्यावर चाक बोटाने हलकं फिरायला लागलं. पट्टा बघून मात्र ते खूष झाले. हा छोट्या कड्यांचा पट्टा दात्यांवर चालतो, त्यामुळे सरकत नाही. त्यांचं अर्धं आयुष्य रबरी बेल्ट एका बाजूला पळतो म्हणून रोलर ठोकण्यात गेलं होतं.

मॉडेल पुस्तकाप्रमाणे पूर्ण झालं आणि चाचणी सुरू झाली. खनिज म्हणून पोराने आधी तांदूळ घातले. तांदूळ गिअरमध्ये गेले आणि करकर आवाज सुरू झाला. मग आईच्या डब्यातले अळसांदे. ते आकाराला बरोबर बसले, पण चाकातून पट्ट्यावर पडताना निम्मे बाहेर उडायचे. बाबांनी विचारलं, "स्कर्ट कुठाय?" खऱ्या प्लांटवर माल पडतो तिथे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावतात, त्याला स्कर्ट म्हणतात. आम्ही जुन्या सेटमधले चपटे तुकडे लावले. सांडणं थांबलं नाही, पण खूप कमी झालं.

मग दुसरी मोटर. एकीवर चाक आणि पट्टे, दुसरीवर चालणं. ती मागच्या बाजूला बसवली, म्हणजे पुढच्या चाकाच्या वजनाला तोलही मिळाला. चाक अडकलं की दाते तडतडायचे, म्हणून जुन्या गाडीतलं पांढरं क्लच गिअर मध्ये घातलं. जोर वाढला की ते आतल्या आत घसरतं आणि पुढचं काही मोडत नाही. बाबा म्हणाले, "हे आमचं फ्लुइड कपलिंग." रिमोट मामा पुढच्या खेपेला आणणार होता.

पोराच्या मते झालं होतं सगळं. बाबांच्या मते नाही. त्यांनी पट्ट्याच्या कडेने बोट फिरवलं आणि विचारलं, "पुल कॉर्ड कुठाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कन्व्हेयरच्या पूर्ण लांबीला कडेने एक दोरी असते. कुठूनही, कुणीही ओढली की बेल्ट थांबला पाहिजे. पोरगा म्हणाला, "आजोबा, खेळण्यात कशाला? कुणाचा हात जाणार आहे?"

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा ते दुसऱ्या एका प्लांटवर होते. पावसाळ्याच्या तोंडावर, रात्रपाळीला. शेपटाकडच्या पुलीवर ओला माल चिकटला होता आणि बेल्ट चालू असताना एकजण तो फावड्याने काढत होता. फावडं ओढलं गेलं, मागून हात. बाबा आठ-दहा पावलांवर होते. दोरी ओढली, ती हातात आली. तुटलेली होती, कुणीतरी गाठ मारून ठेवली होती. पॅनेलपर्यंत धावत जाऊन बटण दाबेपर्यंत जे व्हायचं ते झालं. माणूस वाचला, हात कोपरापासून गेला. तेव्हापासून बाबा पाळीवर गेल्यावर पहिली दोरी ओढून बघायचे. बेल्ट थांबला की परत चालू करायचे. सुपरवायझर ओरडायचे, टनेज कमी होतं म्हणून. बाबा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत ओढायचे.

मी त्यांचा मुलगा. हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईला माहीत होतं.

दोरी बसवायला चार दिवस लागले, सगळ्या दुरुस्त्यांत जास्त. आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल धागा घेतला, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कड्यांतून ओवला आणि बॅटरीच्या डब्यावरच्या खटक्याला जोडला. अडचण अशी की त्या खटक्याला दोन्हीकडे चालू आणि मध्ये बंद. धागा ओढला की खटका बंदवर न थांबता पलीकडे जायचा आणि पट्टा उलटा पळायचा! बाबा म्हणाले, "ही तर जास्त वाईट." शेवटी पोराने एक पिन आडवी लावली, खटका बरोबर मध्ये अडवणारी. नंतर धागा कुठूनही ओढा, पट्टा थांबतो. बाबांनी वीसेक वेळा ओढून बघितला. शेजारपाजारचं कुणी आलं तर बादल्यांचं चाक राहिलं बाजूला, आधी दोरी दाखवायचे.

त्याच तुकड्यांतून दुसरं मॉडेलही होतं, खडी चाळायच्या प्लांटचं. पोरगा म्हणायचा, हे मोडून ते करू, आजोबांचा प्लांट होईल. बाबा म्हणायचे, बघू. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ८८ लीज गेली आणि खाणी पुन्हा बंद झाल्या. त्यानंतर पोराने तो विषय काढला नाही.

आता तो फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. मॉडेल सोप्यावरच्या कपाटात आहे, बॅटऱ्या काढून. धागा एकदा झुरळांनी खाल्ला, तो बाबांनी स्वतः बदलला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी प्लांटवर, बार्जीवर, वर्कशॉपात काम केलेली माणसं आहेत. त्यांचे कामावरचे फोटो असतील तर खाली टाका. बाबांच्या प्लांटचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आणि तुमच्याकडे त्या दोरीला काय म्हणायचे तेही लिहा, बाबा विचारतायत.