चहाबाज दरोडेखोर

इंग्लंडात ससेक्समध्ये राय नावाचं टेकडीवरचं गाव आहे. तिथल्या मर्मेड रस्त्यावर आपण चालत नाही, खालचे गोटे आपल्याला चालवतात. एका घराचं नावच मुळी ‘समोरचं घर’! त्याच रस्त्यावर मर्मेड इन. बाहेर पाटी : ‘पुनर्बांधणी १४२०’. म्हणजे दुरुस्तीलाच सहाशे वर्षं उलटली.

सन १७४०च्या सुमारास इथे हॉकहर्स्ट टोळीची बैठक असे. भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवूनच मंडळी प्यायला बसत. बिल मागायची कुणाची छाती होणार? चोरटा माल म्हणाल तर दारू होतीच; पण जोर चहावर! सरकारनं कर इतका चढवला होता, की दारूड्यापेक्षा चहाबाजाला धोका जास्त. १७४७ साली या टोळीनं दुसऱ्या एका टोळीच्या जोडीनं पूल बंदरातलं जकातघर फोडलं आणि जप्त झालेला चहा पळवला.

इथवर हसू येतं. पण पुढच्याच वर्षी या कटातल्यांनी एका जकात अधिकाऱ्याला आणि एका साक्षीदाराला हालहाल करून मारलं. कित्येक जण फासावर गेले, तरी तस्करी चालूच. १७८४ साली कर साडेबारा टक्क्यांवर आला, तेव्हा कुठे चोरट्या चहाचा धंदा बसला.

आज त्या टोळीच्या नावावर पर्यटक येतात, जेवतात. दोनशे वर्षं गेली, की गुंडाचाही वारसा होतो. साक्षीदाराचा होत नाही. त्याचं नाव डॅनियल चेटर. बिचारा जोडे शिवायचा. पुढचा चहा त्याच्या नावानं घ्यावा म्हणतो. रीतसर कर भरून.