तीन मांजरांचे बावीस

इंग्रजाला जर्मन शिकताना व्याकरण छळतेच. पण खरा दगा देते ती त्याची स्वतःचीच एबीसीडी. अक्षरे ओळखीची, आवाज परक्याचे! 'डब्ल्यू' दिसला की 'व' म्हणायचे, 'व्ही' दिसला की बहुधा 'फ'. म्हणून ती मोटार 'फोक्सवागन'. आणि 'झेड' म्हणजे चक्क आपल्या 'चोरा'तला च! मोझार्ट नव्हे, मोत्सार्ट. माझे चोर आणि चूल इथे फुकटात कामाला आले.

हँबुर्गला आमच्या रात्रीच्या वर्गात एक इंग्रज आजोबा होते. नात जर्मन. तिला तिच्या भाषेत गोष्ट सांगायची, एवढ्यासाठी म्हातारपणी बाकावर बसलेले. पण बावीसला जर्मनीत म्हणतात 'त्स्वायउंटत्स्वांत्सिश'. त्यात तीन 'झेड'! आजोबा पहिल्यालाच अडकत.

मी म्हटलं, "आजोबा, 'कॅट्स' म्हणता ना? मग 'कॅ' गिळा. उरेल तोच आवाज!"

इंग्रजीत हा आवाज शब्दाच्या शेपटीला येतो, जर्मनमध्ये तोंडाशीही. जीभ तयारच असते हो; आडवा येतो तो डोळा.

आजोबांना जमलं. नातीची तक्रार एवढीच, की गोष्टीत बावीस बुटके आले की आजोबा दर वेळी तीन मांजरं गिळतात!