प्रवरेच्या उगमाकडे

संगमनेरच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे भुसार मालाचा व्यापार केलेल्या शेठजींना प्रवरा नदी ठाऊक होती ती हिशेबापुरती. पेढीवर येणारा गहू, हरभरा आणि मका यांतील बराचसा माल तिच्याच पाण्यावर पिकलेला. भंडारदरा धरणाचे आवर्तन कधी सुटणार, यावर आवकेचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर सौदे करायचे. परंतु ते पाणी ज्या डोंगरातून येते, तो डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता. सम्मेदशिखर झाले होते, पालिताणाही झाले होते. पण ते संघाबरोबर. पतिपत्नी दोघेच असे कोठे गेले नव्हते.

शेठाणीबाईंच्या आग्रहाने पहिली सहल निघाली, ती एका दिवसाची. अकोले, राजूर मागे टाकून गाडी रंधा धबधब्यापाशी थांबली. प्रवरा येथे खोल घळीत झेपावते. शेठाणीबाई कठड्याकडे निघाल्या आणि शेठजींचा फोन वाजला. एका मालमोटारीच्या वजनात फरक आला होता. पेढीवर मुलगा होता, सहा वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. तरीही गाडी तेथूनच परत फिरली.

दुसरी सहल पौषातली. या वेळी दोन रात्री तंबूत राहण्याचे ठरले. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी अशी गावे आहेत. काठावर स्थानिक तरुण तंबू भाड्याने देतात. कांदा, लसूण आणि बटाटा वर्ज्य असल्याचे आधी कळवले, म्हणून तंबूवाल्याच्या आईने नागलीची भाकरी, मुगाची आमटी आणि वरईचा भात केला होता. खाकरे, दशम्या आणि उकळलेल्या पाण्याचा कॅन सोबत होताच. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी जेवण आटोपले. शेजारच्या तंबूंपुढे शेकोट्या पेटल्या. जळत्या लाकडांत किडे होरपळतात म्हणून या दोघांनी शेकोटीला नकार दिला आणि शाली पांघरून ते पाण्याकडे तोंड करून बसले. पलीकडे रतनगडाची काळी आकृती दिसत होती. फोनला रेंज नव्हती. चौविहार झालेला, सामायिक आटोपलेले. करण्यासारखे दुसरे काहीच उरले नव्हते.

तेव्हा शेठाणीबाई बोलल्या.

“अहो, धाकटा पुण्यात नोकरी पाहतोय.”

“नोकरी? घरची पेढी सोडून?”

“पेढी त्याची कुठं आहे? सहा वर्षं झाली, त्याला एक सौदा तुम्हाला न विचारता करता आलेला नाही.”

भरल्या घरात ही गोष्ट सांगायला त्यांना दोन महिने एकांत मिळाला नव्हता. शेठजी बराच वेळ गप्प होते. रात्री थंडी वाढली, तेव्हा त्यांनी आपली शाल पत्नीच्या पायांवर घातली; पण उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालून ते घाटघरला गेले. येथे सह्याद्रीचा माथा एकदम संपतो आणि कोकणात कडा उतरतो. येथील २५० मेगावॅटच्या वीज प्रकल्पाची रीत तंबूवाल्या तरुणाने सांगितली. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची.

“म्हणजे मंदीत भरायचं आणि तेजीत काढायचं!” शेठजी उद्गारले.

“इथंही पेढी आणलीत का?” शेठाणीबाई हसल्या.

शेठजीही हसले. मग जरा वेळाने म्हणाले, “पण सोडल्याशिवाय वीज होत नाही, असं दिसतंय.”

परतताना रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचे कोरीव खांब आणि पुष्करिणी पाहिली. पलीकडे रतनगडाच्या कुशीतून येणारा प्रवाह गोट्यांमधून वाहत होता. पुढे नेवाशाजवळ गोदावरीला मिळणारी प्रवरा येथे ओलांडायला चार पावले पुरत होती. शेठजींनी वाकून त्या पाण्याला हात लावला.

राजूरजवळ रेंज आली. फोन वाजला नाही आणि त्यांनीही लावला नाही. संध्याकाळी पेढीवर पोहोचले, तेव्हा मुलगा गादीवर बसून एका शेतकऱ्याशी हरभऱ्याचा भाव ठरवत होता. वडिलांना पाहून तो उठू लागला. “बस. सौदा पुरा कर,” एवढे म्हणून शेठजी समोरच्या बाकावर, गिऱ्हाइकाच्या जागी बसले. भाव त्यांच्या मते क्विंटलमागे वीस रुपयांनी चढा होता. ते बोलले नाहीत.

तिसरी सहल मेच्या अखेरीस, चातुर्मास लागण्यापूर्वीची. मॉन्सूनच्या आधीच्या त्या दिवसांत या रानातील हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवे उतरतात आणि एका लयीत उजळतात, विझतात. गाडी लांब उभी करून, दिवे आणि विजेऱ्या विझवून, पाऊलवाटेवरूनच ते पाहावे. पायाखालच्या गवतातही काजवे असतात. शेठजी आणि शेठाणीबाई एका सादड्यासमोर तासभर उभे होते.

तंबूची नोंदणी या वेळी मुलाने केली होती. जाताना रंध्याला गाडी थांबली. पावसाअभावी धार बारीक होती, तरी दोघेही कठड्याशी उभे राहून ती पाहत राहिले.