केस तुझे

शिमग्याला पुतणी घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाऊन पडवीत माझ्यापुढे पाठ करून बसली. केस ओले, हातात जाड दातांचा कंगवा. ती लहान असल्यापासून तिच्या केसांतला गुंता मीच सोडवते. टोकाकडून सुरुवात करायची, मुळाशी बोटं दाबून धरायची, म्हणजे ओढ बसत नाही. अर्धा गुंता सुटला असेल, तेवढ्यात तिने मान न वळवता विचारलं, "आत्या, दादाच्या लग्नाआधी स्मूथनिंग करून घेऊ का गं?"

कंगवा तसाच थांबला. नको म्हणणं अगदी सोपं होतं. पण 22व्या वर्षी मीही हाच प्रश्न घेऊन याच पडवीत बसले होते, आणि तेव्हा मिळालेलं उत्तर मला पुरलं नव्हतं. मी म्हटलं, "दोन दिवस दे मला. मग सांगते."

हे केस आमच्या घरात आजीकडून आले. बाबांचे केस सरळ, आईचे लांबसडक आणि रेशमासारखे. त्या दोघांना वगळून आजीचं कुरळेपण माझ्या डोक्यावर उतरलं आणि पुढे भावाच्या मुलीच्या. आजी दिर्बादेवीच्या देवळात निघाली की अंबाडा घालायची, हंगाम असेल तर त्यावर सुरंगीचा वळेसर. कितीही आवळून बांधला तरी दोन्ही कानांशी एकेक बट सुटलेली असायचीच. माझं शाळेत तेच व्हायचं. आई सकाळी तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची, लाल रिबिनींनी वर दुमडून बांधायची, आणि दुसऱ्या तासापर्यंत कपाळावर सगळं पिंजारलेलं. बाई म्हणायच्या, "केस बांधून येत जा." बांधूनच आलेली असायचे मी. पण उभं राहून तसं सांगण्याचं धाडस नव्हतं. झिपरी हे नाव चौथीत पडलं, ते दहावीपर्यंत टिकलं.

कुरळ्या केसांच्या मुलीला मोठ्यांपैकी कुणी वाईट बोलत नाही, सुधारत मात्र सगळेच असतात. कुणी तेल सुचवतं, कुणी माक्याचा रस, कुणी जास्वंदीची पानं वाटून लावायला सांगतं. त्या सगळ्यांत माया असते, हे मला मान्य आहे. पण तुझं जे आहे ते जरा आवर, हेही त्यात असतं. ते मुलीच्या कानात राहतं.

लग्नासाठी माझा फोटो काढायचा ठरला, तेव्हा डोंबिवलीच्या मावशीकडे मला पाठवलं. भर जुलै होता. तिथे इस्त्रीने केस सरळ केले, स्टुडिओत फोटो निघाला. रात्रीच्या गाडीने मी परत निघाले. पहाटे कणकवलीला उतरले आणि एसटीत खिडकीशी बसले. बाहेर बारीक पाऊस होता. गावी जामसंड्याला उतरेपर्यंत केस होते तसे झाले. आठवड्याने फोटोचं पाकीट आलं. आईने फोटो हातात धरला आणि विचारलं, "ह्यां कोण गे?" तिला तसं काही म्हणायचं नव्हतं, चष्मा नव्हता एवढंच. पण मी तो फोटो नंतर कुणाला दाखवू दिला नाही.

त्या एसटीत काय झालं, ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याचे धागे मुख्यतः दोन तऱ्हांनी एकमेकांना धरून असतात. एक पकड हलकी असते, ती पाण्याने सुटते आणि वाळलं की पुन्हा बसते. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडतात, त्या याच पकडीमुळे. इस्त्रीचा सरळपणाही तिच्याच भरवशावर असतो, म्हणून दमट हवेत तो विरघळतो. हवेतला ओलावा केसाला इतका नेमका कळतो, की 1783 साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाचंच आर्द्रतामापक यंत्र बनवलं. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत आणला की केस सुमारे अडीच टक्के लांबतो. त्या लांबण्यावर काटा फिरायचा. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं हवामानाच्या वेधशाळांतून केसांची अशी यंत्रं काम करत होती.

आता आमचं जामसंडं बघा. समुद्र दारात नाही, पण खारा वारा दारातच असतो. खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवले नाहीत तर गंजतात. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. मृगाच्या आधीच्या आठवड्यात आभाळ कोरडं असतानाच माझे केस फुलायला लागतात. आजी ओट्यावरून माझ्याकडे बघायची आणि वाळत घातलेली लाकडं आत घ्यायला सांगायची. लहानपणी मला त्याचा राग यायचा. ज्याला सगळे पसारा म्हणत होते त्याचा उपयोग करणारी घरात ती एकटीच होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

दुसरी पकड गंधकाची. ती पाण्याला दाद देत नाही. केस जळाला की जो वास येतो, त्यात हा गंधक असतो. पार्लरमध्ये जे कायमचं सरळ करतात, ते ही पकड तोडून. पुतणीने विचारल्यावर मी बाजारातल्या पार्लरमध्ये जाऊन बसले आणि बघितलं. आधी एका गिऱ्हाइकाचे केस धुऊन वाळवले. मग हातमोजे घालून थायोग्लायकोलेटचं क्रीम, मुळापासून बोटभर अंतर सोडून, एकेक पदर लावत गेले. अंड्यासारखा वास खोलीभर पसरला. वीसेक मिनिटांनी तिथल्या ताईने एक केस उपटला, दोन बोटांत धरून हलकेच ताणला. तो रबरासारखा लांबला आणि परत आला नाही. "झालं," ती म्हणाली. त्यानंतर धुणं, वाळवणं, तापलेल्या पट्ट्यांनी कागदासारखं सपाट दाबणं, आणि मग पेरॉक्साइडचं द्रावण लावून तुटलेली पकड नव्या, सरळ जागी पुन्हा बसवणं. एकूण चार-पाच तासांचं काम. पुढचे तीन दिवस पाणी नाही, रबर नाही, पीन नाही, कानामागेसुद्धा टाकायचे नाहीत.

तो ताणलेला केस मी हातात मागून घेतला. घरी येईपर्यंत तो रुमालात होता.

कायमचं हा शब्द तेवढ्याच केसापुरता खरा आहे. मुळाला यातलं काहीच कळत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने नवा केस येतो, तो आजीचाच येतो. दिवाळीपर्यंत डोक्यावर दोन तऱ्हांचे केस होतात, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथेच ते तुटतात. म्हणजे पुन्हा पार्लर, पुन्हा चार-पाच हजार.

पैशांपेक्षा मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 33,497 बायकांची सुमारे 11 वर्षं नोंद ठेवली होती. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं अनुमान 1.64 टक्के निघालं. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के. यावरून एकदा केलं की रोग होतो असं मुळीच नाही, आणि रसायनानेच होतो हेही त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण वारंवार करणाऱ्यांनी हे आकडे ठाऊक असून करावं. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे विकतात, त्यातल्या कितीतरी बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड सोडणारे पदार्थ असतात. फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारण होतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच ठरवलं. 2010 मध्ये ओरेगॉन राज्यात तपासणी झाली, तर फॉर्मल्डिहाइड नाही असं छापलेल्या बाटलीतही ते निघालं. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. 2024 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकिकत मांडली: तीन वेळा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली.

आमच्याकडे पार्लर म्हणजे दहा-बारा फुटांचा गाळा. एसी चालू, म्हणून दार बंद. गिऱ्हाईक वर्षातून एकदा पाच तास तिथे बसतं, काम करणारी मुलगी रोज उभी असते. ती ताई मधूनमधून डोळे पुसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "सवय झाली." तेव्हापासून माझ्या मनात पुतणीच्या बरोबरीने ही मुलगीही आहे.

मग सरळ नको म्हणून का सांगून टाकलं नाही? कारण आजी.

22व्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "गे आजये, केस सरळ करून घेऊ काय?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "केस तुझे, तू बघ." मला वाटलं, तिने अंग काढून घेतलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, असंच पडवीत बसलेलं असताना, तिने तिच्या लहानपणच्या शेजारणीचं सांगितलं. लाल आलवण नेसणारी विधवा बाई. महिन्याला न्हावी मागीलदाराने यायचा. पोरांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत, पण आजीने एकदा फणसाच्या आडून बघितलं होतं. आजीला सगळ्यात आठवत होतं ते हे, की त्या बाईला कुणी काही विचारलं नाही. न्हावी आला, ती बसली.

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी 1890 साली विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही म्हणून संप केला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. ही महाराष्ट्रातल्या फार मोठ्या गोष्टींपैकी एक आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती पानभर असायला हवी. आजीला संपाचं काही माहीत नव्हतं. तिच्या वाडीत तो पोचलाच नव्हता. पण बाईच्या केसांचं दुसऱ्याने ठरवलं की काय होतं, ते तिने फणसाआडून बघितलं होतं. "केस तुझे" हे शब्द तिने मला दिले, ते तिथून.

तेच शब्द मी मोडून हुकूम कसा करू?

दोन दिवसांनी पुतणीला मी सगळं सांगितलं. रुमालातला केस दाखवला. करायचंच असेल तर बाटली मागून घे, मागची बारीक अक्षरं वाच, फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक असेल तर उठून ये. दार उघडं ठेवायला लाव, तुझ्यासाठी आणि त्या ताईसाठीही. आणि फक्त फोटोसाठी करत असशील, तर आधी माझा तो फोटो बघ. मी कपाटातून काढून तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली.

"तू माझ्या जागी असतीस तर?" तिने विचारलं.

"मी नसते केले," मी म्हटलं. "आणि तू केलेस तरी गुंता मीच सोडवणार."

तिने अजून ठरवलेलं नाही. लग्न मे महिन्यात आहे. तोवर सुरंगीचा हंगाम संपलेला असेल, म्हणून माझ्या अंबाड्यासाठी मी अबोली सांगून ठेवली आहे.