किती आले ते सांग, कोण आलं ते नको

रात्री पावणेतीन वाजता मी मोबाइलवर आमच्या वेबसाइटचे आकडे बघत होते. बघण्यासारखं काही नव्हतं. दिवसाला 40-50 लोक येतात, रात्री शुकशुकाट. पण त्या रात्री स्क्रीनवर एक आकडा होता. आत्ता साइटवर असलेले वाचक : 1. शहर : सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. पान : 'नवऱ्याने हात उचलला, तर पहिल्या दिवशी काय करायचं'.

त्या गावात माझी मावसबहीण दिलेली आहे.

ही साइट मी आणि माझी मैत्रीण मिळून चालवतो. घरातली मारहाण, पोटगी, नैराश्य, पोलिसांत तक्रार कशी द्यायची, असे विषय सोप्या मराठीत. जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. सुरू केली तेव्हा एक व्हिडिओ बघून फुकटचं अ‍ॅनॅलिटिक्स जोडलं होतं. कोडच्या चार ओळी चिकटवल्या, काम झालं. मग दिवसातून दहा वेळा आकडे बघायची सवय लागली. कोणीतरी वाचतंय, याचा आनंद असतो.

सकाळी मी ताईला फोन केला. "सगळं ठीक ना गं ताई?"

"ठीकच आहे की. का गं?"

मला खोटं बोलता येत नाही. काल रात्री तुमच्या गावातून कोणीतरी आमचं एक पान वाचत होतं, असं मी सांगून टाकलं. कुठलं पान, तेही सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे इथे कोण काय वाचतंय, ते तुला तिथं बसून दिसतं?"

मी उत्तर शोधेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

मागचे आकडे चाळले तेव्हा कळलं, त्या गावातून ते पान आधीही अधूनमधून उघडलं गेलं होतं, बहुतेकदा रात्री. फोननंतर ते थांबलं. मी महिनाभर रोज बघितलं. एकदाही नाही.

ती ताई होती का, मला आजही माहीत नाही. तिने कोणाला तरी सांगितलं असेल आणि ती दुसरीच कोणी घाबरली असेल. मुळात आयपी पत्त्यावरून काढलेलं गाव हा अंदाज असतो. मोबाइल डेटावर गावातला माणूस पुण्या-मुंबईतला दिसू शकतो, आणि उलटही. म्हणजे एकतर मी चुकीच्या अंदाजावरून ताईला दुखावलं, किंवा अंदाज बरोबर होता आणि जिला त्या पानाची सगळ्यात जास्त गरज होती तिलाच मी हुसकावलं. यात दोष अ‍ॅनॅलिटिक्सचा नव्हता, माझा होता. नको असलेली माहिती गोळा होत होती आणि समोर दिसली म्हणून मी ती वापरली.

मोठ्या साइटवर लाखभर लोकांत एक म्हणजे नुसता आकडा. आमच्यासारख्या साइटवर मात्र एक म्हणजे एक माणूस. वेळ, गाव आणि पान, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की नाव लिहायची गरजच उरत नाही. खासगीपणाची काळजी मोठ्या कंपन्यांनी करायची, आपलं काय एवढंसं, असं मला वाटायचं. खरं तर साइट जितकी लहान, तितका वाचक जास्त उघडा पडतो.

मैत्रीण म्हणाली, "दुसरं काही शोधण्याआधी कागदावर लिही, आपल्याला नक्की काय कळायला हवंय." बऱ्याच खाडाखोडीनंतर तीनच प्रश्न उरले. कुठलं पान किती वेळा वाचलं जातं? लोक सर्चमधून येतात की दुसऱ्या कोणी दिलेल्या लिंकवरून? मोबाइलवर येतात की कॉम्प्युटरवर? वय, आवडीनिवडी, गाव, ही व्यक्ती मागच्या आठवड्यात आली होती का, यातल्या कशानेही आमचा पुढचा लेख बदलणार नव्हता.

मग शोध सुरू झाला. युरोपात जीडीपीआर हे नियम मे 2018 मध्ये लागू झाले. त्याच सुमारास कमीत कमी माहिती घेणारी बरीच साधनं आली. माटोमो त्याच्याही आधीचं, 2007 पासूनचं. तेव्हा नाव पिविक होतं. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं, पण सोयी इतक्या की आम्हा दोघींना ते सांभाळणं झेपलं नसतं. प्लॉझिबल हे एस्टोनियातल्या कंपनीचं. एकाच पानावर सगळं दिसतं, कुकी नाही. पण त्यांच्या सर्व्हरवर वापरायचं तर दरमहा पैसे. उमामी मोफत, फक्त स्वतःच्या सर्व्हरवर बसवायला थोडं तांत्रिक काम यायला हवं. शेवटी आम्ही गोटकाउंटर घेतलं. नावाला हसू आलं, पण लहान साइटला ते फुकट आहे आणि काय नोंदवायचं, काय नाही, हे सेटिंगमध्ये एकेक करून ठरवता येतं.

कुकी नसताना तोच माणूस दोनदा मोजला जात नाही, हे कसं? आयपी पत्ता आणि ब्राउझरची माहिती यांत एक गुप्त आकडा मिसळून त्यातून एक खूण तयार करतात. प्लॉझिबलमध्ये तो गुप्त आकडा रोज बदलतो आणि जुना पुसला जातो. काल आलेली व्यक्ती आज पुन्हा आली, तर ती नवीच. लग्नाच्या पंगतीनंतर पत्रावळी मोजतात, तसं. किती जेवले ते कळतं, कोण जेवलं याची वही कोणी ठेवत नाही.

याची किंमत असते. वाचक परत येतात का, हे आता कळत नाही. अ‍ॅडब्लॉकर वापरणारे बरेचदा मोजलेच जात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले बहुतेक लोक 'थेट आले' असेच दिसतात. पण ते आधीही तसेच दिसायचे. आणि आयपी पत्ता सर्व्हरपर्यंत पोचतोच, तो तिथे साठवला जात नाही यावर विश्वास ठेवावा लागतो. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, एवढा आधार.

साधन बदलून काम संपलं, असंही नाही. गोटकाउंटरमध्येही ठिकाणाची नोंद आम्ही देशापुरती ठेवली. आणि मी एक नियम केला : आकडे महिन्यातून एकदाच बघायचे, 1 तारखेला.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. तो मी कॉलेजात वाचला होता, त्यावर निबंधही लिहिला होता. पण तो मला समजला ताईच्या फोनमुळे.

आता प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी आहेत : 'हे पान किती वेळा उघडलं, एवढंच आम्ही मोजतो. तुम्ही कोण, कुठल्या गावच्या, हे आम्हाला दिसत नाही.' त्या ओळी लिहून झाल्यावर मी ताईला लिंक पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. गणपतीत भेटलो तेव्हा तिने मोदक वाढले, बाकी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

गेल्या 1 तारखेला त्या पानापुढे आकडा होता 63. त्यात ताई आहे का, हे शोधायचा कुठलाही मार्ग माझ्याकडे नाही.